हिंदू कॉलनीच्या इतिहासातला 'ही'

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीवर कुणी लिहायला बसलं की ठरलेल्या गोष्टी येतात. गर्द झाडी, आखीव गल्ल्या, जवळची शाळा-कॉलेजं, सुसंस्कृत मध्यमवर्ग, आणि हल्ली टॉवर आल्यामुळे सगळं कसं बिघडलं याची हळहळ. राजगृहाच्या वाट्याला एक वाक्य येतं: डॉ. आंबेडकरही इथेच राहत. मित्रहो, मला या 'ही'बद्दल बोलायचं आहे.

ही वस्ती आपोआप 'सुसंस्कृत' झाली नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. सुरुवात मांडवीच्या गजबजलेल्या वस्तीत झाली. मग सरकारने कायदा करून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी उपनगरं वसवायची, हे त्याचं काम. दादर-माटुंगा योजना त्यातूनच आली. म्हणजे जमीन सार्वजनिक संस्थेने मिळवली, तिनेच प्लॉट पाडले, रस्ते आणि गटारं केली. पण जुन्या वस्त्यांतून ज्या मजुरांच्या खोल्या पाडल्या गेल्या, ते या प्लॉटवर राहायला आले नाहीत. त्यांची ऐपतच नव्हती. ते पुन्हा कुठल्यातरी दाट वस्तीत कोंबले गेले, किंवा ट्रस्टनेच बांधलेल्या चाळींत.

अशाच एका चाळीत, परळच्या पोयबावडीला, बाबासाहेबांचा संसार होता. दोन खोल्या. एकात कुटुंब, दुसरीत अभ्यास आणि येणारी-जाणारी माणसं. 1930च्या दशकात ते राजगृहात आले. अंतर फार नाही, पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट बघावं असं आहे. एकाच ट्रस्टने दोन प्रकारची मुंबई बांधली: एक चाळीची, एक कॉलनीची. बाबासाहेब पहिलीतून दुसरीत चालत गेले, तेही पुस्तकांसाठी घर बांधायला. घराला नाव दिलं ते मगधाच्या प्राचीन राजधानीचं, बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या नगरीचं. 'हिंदू कॉलनी'च्या नकाशात बौद्ध भूगोल कोरला, धम्मदीक्षेच्या वीसेक वर्षं आधी! 27 मे 1935 रोजी माता रमाईंनी याच घरात शेवटचा श्वास घेतला. अशा घराला 'ही' लावून कसं चालेल?

आता कॉलनीच्या नावाकडे या. शेजारी दादर पारसी कॉलनी आहे. ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 प्लॉट राखून घेतले, हे तिथे अभिमानाने सांगितलं जातं. समाजासाठी घरं मिळवणाऱ्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. आपल्यातही असे इंजिनिअर हवे होते. मुद्दा असा की सार्वजनिक यंत्रणेने आखलेल्या जमिनीवर समाजनिहाय वसाहती उभ्या राहिल्या आणि कुणालाही ते आरक्षण वाटलं नाही. तो शब्द पुढे फक्त आपल्यासाठी राखीव ठेवण्यात आला.

हे जुनं झालं असं म्हणणाऱ्यांनी 2005चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. अहमदाबादच्या एका पारसी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा उपविधी केला होता. न्यायालयाने तो वैध ठरवला. संघटना करण्याचा हक्क आहे आणि सहकारी सोसायटी म्हणजे राज्यसंस्था नव्हे, असा त्याचा आशय. अल्पसंख्य समाजाची काळजी समजू शकते. पण तोच तर्क घेऊन एखादी सवर्ण सोसायटी उद्या उभी राहिली तर? घर नाकारताना आज कुणी जात उच्चारत नाही. आडनाव विचारतात, मग 'तुम्ही नॉनव्हेज खाता का' विचारतात, मग फ्लॅट कालच गेलेला असतो. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, 2015 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दलित आणि मुस्लिम घरशोध्यांना कसं टाळलं जातं ते तिच्यात आहे. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. घराचा स्पष्ट उल्लेख नाही. पण संविधान सभेत बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. पैसे घेऊन घर भाड्याने देणं त्या अर्थात बसतं, असं माझं मत आहे. आपल्या वकील मित्रांनी हा मुद्दा लढवावा.

हिंदू कॉलनीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर नायगावच्या बीडीडी चाळी आहेत. 1920च्या दशकात बांधलेल्या मुंबईतल्या 207 बीडीडी इमारतींपैकी 42 तिथल्या. एका इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. गिरणी कामगार, पालिकेचे कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेली आपली माणसं त्यांत राहिली. हे दादरच आहे, पण 'जुनं दादर' या आठवणींच्या पुस्तकांत ते सहसा येत नाही. आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळणार, ही चांगलीच गोष्ट. पण 2022 मध्ये या वसाहतीला शरद पवारांचं नाव देण्याची घोषणा झाली, तेव्हा शंभर वर्षं तिथे राबलेल्या माणसांपैकी कुणाचं नाव का सुचलं नाही, हेही विचारलं पाहिजे.

7 जुलै 2020 रोजी राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या. लाखोंनी निषेध केला, आणि तो करायलाच हवा होता. पण 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरून रांगेने राजगृहाचं दर्शन घेऊन परतणाऱ्या आपल्या पोरांपैकी कितीजण तिथून नायगावच्या चाळीत जातात?

इमारती पाडल्या जात आहेत तोवर जावं. म्हातारी माणसं अजून आहेत. खोलीत किती जण राहायचे, नळाला रांग कशी लागायची, जयंतीची वर्गणी कोण गोळा करायचं, कुठल्या इमारतीत कोणत्या तालुक्याची माणसं होती, बुद्धविहाराची जागा कशी मिळवली, हे विचारावं. फोनवर रेकॉर्ड करावं, तारीख टाकावी. भाडेपावत्या, जुनी रेशनकार्डं, मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या यांचे फोटो काढावेत. नव्या घरात सामान हलवताना रद्दीत सगळ्यात आधी हेच कागद जातात.