तेलो मास्कारेन्हास आणि पोर्तुगीज लेखणीवरचा आरोप

तेलो द मास्कारेन्हास (1899–1979) हे गोव्याचे कवी, पत्रकार आणि वकील. कविता असो वा वृत्तपत्र, त्यांनी मुख्यतः पोर्तुगीजमध्ये लिहिले आणि याच एका कारणावरून त्यांना मुक्तिलढ्याच्या इतिहासातून बाजूला सारले जाते. पोर्तुगीज लिहिणारा तो पोर्तुगीजांचा. त्याचा वाचक मूठभर बड्या घरांतला. त्याची उमेदीची वर्षे परदेशात गेलेली. गोवा सोडवला तो मराठी-कोकणी बोलणाऱ्यांनी. या मताचा सारांश एवढाच, आणि ते मत चुकीचे आहे.

मास्कारेन्हास 1920 च्या सुमारास पोर्तुगालला गेले आणि कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकले. तिथे 1928 मध्ये आदेओदातो बार्रेतो या मडगावच्या तरुण कवीबरोबर त्यांनी ‘इंदिया नोव्हा’ हे पत्र काढले. भारताची संस्कृती आणि भारतातील राष्ट्रीय चळवळ पोर्तुगीज वाचकांपुढे मांडणे हे त्याचे काम. बार्रेतो हेही कायद्याचे पदवीधर. आल्जुश्त्रेल या खाणींच्या गावी त्यांनी नोटरी म्हणून काम केले, हिंदू संस्कृतीवर ग्रंथ लिहिला आणि 1937 मध्ये, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, ते गेले. साम्राज्याच्या मुलखात बसून, साम्राज्याच्या भाषेत, वसाहतीची बाजू मांडणाऱ्या या दोघांना राज्यकर्त्यांची माणसे ठरवायचे, तर निष्ठा कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागेल.

भाषेवरून निष्ठा मापण्याचा हा वाद जुनाच आहे. मुक्तीनंतर गोव्यात मराठी की कोकणी यावर वर्षानुवर्षे रण माजले, तेव्हाही लेखकाने काय लिहिले यापेक्षा कशात लिहिले यावरच त्याची पारख होत राहिली. त्या भांडणात दोन्ही बाजूंचे चांगले लेखक होरपळले. महाराष्ट्राने तरी हे माप वापरू नये. 1881 मध्ये पुण्यात ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याच्या जोडीने ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. सरकारला आणि परप्रांतीयांना समजेल अशा भाषेत एक पत्र हवे, हे तेव्हाच्या संपादकांना कळत होते. ‘मराठा’ इंग्रजीत होता म्हणून तो इंग्रजांचा, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग पोर्तुगीज पत्रालाच निराळा न्याय का?

1930 मध्ये मास्कारेन्हासांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारने वसाहतींवरची लिस्बनची पकड घट्ट करणारा वसाहत कायदा आणला. पुढे वकिली पेशात राहून त्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांच्या कादंबऱ्या पोर्तुगीजमध्ये नेल्या. ‘घरे बाइरे’ ही त्यांतली एक. 1948 मध्ये ते भारतात परतले आणि 1950 मध्ये मुंबईहून ‘रेसुर्ज गोवा’ हे पत्र सुरू केले. गोव्यात छापण्यापूर्वीच मजकूर तपासला जाई, त्यामुळे असे पत्र सरहद्दीबाहेरूनच निघू शकत होते. ते पोर्तुगीजमध्ये असल्याने कचेरीतला अधिकारी, कोर्टातला न्यायाधीश आणि खुद्द लिस्बनचा मंत्री यांना ते दुभाष्याविना वाचता येत होते. सत्तेच्या तोंडावर बोलायचे, तर सत्तेला कळणारी भाषाच लागते. वाचक थोडे होते हे खरे; पण हुकूम काढणारेही तेवढेच होते. परदेशातल्या वास्तव्याचा आक्षेप तर 1948 नंतर उरतच नाही.

1959 मध्ये गोव्यात शिरल्यावर त्यांना पकडले गेले. शिक्षा झाली आणि रवानगी पोर्तुगालच्या तुरुंगात. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला; मास्कारेन्हास आतच राहिले. सुटका झाली ती 1970 मध्ये. म्हणजे ज्या भूमीसाठी शिक्षा भोगली, ती स्वतंत्र झाल्यावरही आठ वर्षांहून अधिक काळ ते परक्या कोठडीत होते. त्यांचे वय तेव्हा सत्तरीला आले होते. राज्यकर्ते आपल्या माणसाला असे वागवत नाहीत.

महाराष्ट्रात, विशेषतः पारनेर तालुक्यात, गोव्याचा लढा आठवतो तो सेनापती बापटांमुळे. पारनेरचे बापट 1955 च्या सत्याग्रहात वयाच्या 74 व्या वर्षी उतरले. त्याच वर्षी गोव्याच्या लढ्यात पकडले गेलेले मोहन रानडे जानेवारी 1969 मध्ये सुटले, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. मास्कारेन्हास रानड्यांच्याही नंतर सुटले. या माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे काही कारण नाही.

सुटकेनंतर 1971 मध्ये त्यांचा निराशा आणि दिलासा यांच्या कवितांचा संग्रह आला आणि 1976 मध्ये इंग्रजीतून आठवणी आल्या. गोव्याच्या लढ्यात शस्त्र आणि सत्याग्रह यांच्याइतकेच छापील कागदानेही काम केले आणि तो कागद एकाच भाषेतला नव्हता. गोवामुक्तीचा इतिहास मराठीत लिहिणाऱ्यांनी आपले शेवटचे प्रकरण 1961 वर थांबवू नये. ते निदान 1970 पर्यंत न्यावे.