आधी मशीन समोर ठेवा, मग सर्टिफिकेट मागा

नोकरीच्या जाहिराती काढणाऱ्यांनो,

हार्डवेअर-नेटवर्किंगच्या जागेसाठी ‘सर्टिफिकेट अनिवार्य’ असं छापून तुम्ही पहिल्याच चाळणीत कामाची माणसं बाहेर काढता. पुण्याच्या तापकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी पीसी उभा करणाऱ्या मुलामुलींचा अर्ज मुलाखतीपर्यंत पोचतच नाही.

बंद पडलेला पीसी त्यांच्यासमोर ठेवून बघा. हौशी पोरगी आधी बीप ऐकते. रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसते, परत बसवते. तरी चालू झाला नाही, तर एसएमपीएस बोर्डापासून सोडवते, हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का ते पाहते. दोष कुठे नाही हे एकेक करून ठरवत ती दोषापर्यंत जाते. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं घोकून ही सवय लागत नाही.

सर्टिफिकेट निरुपयोगी आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. घरच्या मशीनवरचा डेटा उडाला तर एकट्याचं नुकसान. पतसंस्थेच्या सर्व्हरवरचा उडाला तर सगळ्या खातेदारांचं. बॅकअप घेणं, केलेला बदल नोंदवणं ही शिस्त हौशी माणसाला बरेचदा नसते. चांगला अभ्यासक्रम ती लावतो. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत तर चालू सिस्टिमवर काम करूनच दाखवावं लागतं. अशा परीक्षेचा मान आहेच. आमचा राग घोकंपट्टीच्या कागदावर आहे आणि पैशाच्या अडसरावर आहे. सिस्कोच्या सीसीएनएची फी 300 डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर, आणि ते सर्टिफिकेट टिकतं 3 वर्षं. शेतमजुराच्या मुलाने एवढे पैसे आणायचे कुठून?

अनुभवातून आलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही आहे. सरकारला पटलेली गोष्ट तुमच्या मुलाखतीच्या टेबलावर का येऊ नये?

म्हणून मागणी एवढीच: जाहिरातीत ‘सर्टिफिकेट किंवा प्रात्यक्षिक’ असं लिहा. उमेदवाराला अर्धा तास, एक बिघडलेला पीसी, केबलचा तुकडा, आरजे-45 कनेक्टर आणि क्रिंपिंग टूल द्या. ज्याला जमेल त्याला घ्या, आणि शिस्तीचा कोर्स कंपनीच्या खर्चाने करायला लावा.

आणि घरी मशीन उघडून बसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, केलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह वहीत लिहा. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या, आणि प्रात्यक्षिक घ्या असं स्वतः तोंडाने मागा.