मुंबई दूर, मग पणजी जवळ कुठे?

पेडणे-डिचोलीच्या कुळांनो, रापणकारांनो! १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी आपल्याला बजावले गेले की मुंबई दूर, तिथे गोमंतकाचा आवाज पोचणार नाही. आपण तरीही विलिनीकरणाला मते दिली. ३४,०२१ मतांनी पराभव झाला. मग जवळच्या पणजीने आपले काय ऐकले? डिचोलीतल्या शिरगावच्या शेतांत खाणींचा गाळ साचला. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घुसडून एकेक शेत बांधकामाला मोकळे करण्याची वाट उघडली. त्याखालचे नियम २०२५ साली रद्द झाले. तेही उच्च न्यायालयाने केले, सरकारने नव्हे.

हे होते कसे? सभागृह चाळिसांचे. एकवीस हाती आले की राज्य हाती. २०२२ च्या निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात पक्षनिष्ठेच्या शपथा झाल्या. सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरांपैकी आठ आमदार भाजपात! मुंबईचे पुढारी धुतल्या तांदळासारखे आहेत असे नाही. तिथेही त्याच वर्षी शिवसेनेचे चाळीसभर फुटले. पण २८८ फिरवायचे तर थैली केवढी लागेल!

हरमल-मोरजीत उमेदवार मते मागायला आला की त्याचे निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र मागा. किनाऱ्यालगत, मोपाच्या विमानतळाभोवती त्याची जमीन असेल तर कुठे नि किती, ते त्यात लिहावेच लागते.