गांजाचा भाव आणि धोक्याची किंमत

गांजाला कायद्याची मान्यता द्यावी की देऊ नये, हा प्रश्न आपल्या देशात आता केवळ वक्तृत्व स्पर्धेचा विषय राहिलेला नाही. उत्तराखंड सरकारने २०१८ मध्ये धागा व बियांसाठी भांगेच्या झाडांची लागवड करण्यास परवाने देण्याचा आरंभ केला. औषधी व औद्योगिक कारणांसाठी अशा लागवडीची शिफारस करणारा समितीचा अहवाल हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारला. त्यापूर्वी, डिसेंबर २०२० मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली द्रव्य आयोगाने गांजाला सर्वाधिक घातक द्रव्यांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताचे मतही वगळण्याच्या बाजूने पडले होते. या घडामोडींमुळे एक युक्तिवाद वारंवार कानी पडू लागला आहे. चोरट्या बाजारात जाणारा पैसा कररूपाने सरकारच्या तिजोरीत आणावा, शेतकऱ्याच्या हाती चांगले भाव देणारे पीक द्यावे आणि पोलिसांचा भार हलका करावा, असा तो युक्तिवाद आहे. त्यातील तिसरा मुद्दा सबळ आहे. पहिले दोन मात्र ज्या पायावर उभे आहेत, तो पायाच कायदा बदलताक्षणी ढासळू लागतो.

वास्तविक हा प्रश्न भारताला नवा नाही. ब्रिटिश पार्लमेंटात झालेल्या चर्चेवरून १८९३ मध्ये एक कमिशन नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. या कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये आपला विस्तृत अहवाल सादर केला. गांजामुळे माणसे वेडी होतात, या समजुतीच्या मुळाशी जाण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासण्यात आल्या. पुरेशी चौकशी न करताच वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे लिहिण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला असल्याचे त्यात दिसून आले. माफक सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नसतात, अतिसेवन मात्र हानिकारक ठरते आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व हितावहही नाही, असा निष्कर्ष कमिशनने काढला. लागवडीवर देखरेख, परवान्याची मोजकी दुकाने, बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा आणि पुरेसा कर, ही त्याने सुचविलेली व्यवस्था होती.

ही व्यवस्था कागदावरच राहिली असे नाही. मध्यप्रांतात खांडव्याच्या आसपास आणि बंगालमध्ये नौगाव परिसरात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. नौगाव येथे तर १९१७ साली गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या नफ्यातून परिसरात लोकोपयोगी कामेही झाली. अर्थात त्या काळच्या सरकारला रयतेच्या कल्याणापेक्षा अबकारी उत्पन्नाची ओढ अधिक होती, हे विसरून चालणार नाही. परंतु नियंत्रित व्यापाराचा अनुभव या भूमीत होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत दिली. ती संपत आली असताना, १९८५ मध्ये, भारताने अमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला. या कायद्याने एकाच झाडाची विचित्र वाटणी केली. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, ही निषिद्ध ठरली. फुलोऱ्यापासून वेगळी असलेली पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. म्हणूनच उत्तर प्रदेश व राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने उघडपणे चालतात, तर त्याच झाडाच्या शेंड्याची एक पुडी बाळगणारा मजूर कोठडीत जातो.

या कायद्यान्वये एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो आणि तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एवढा धाक असूनही वापर थांबलेला नाही. केंद्र सरकारच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काही ना काही घेतले होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी ३० लाख लोक निषिद्ध गांजा-चरस घेणारे होते. या साऱ्यांना तुरुंगात घालणे कोणत्याही राज्यसंस्थेला शक्य नाही. मग जो सहज सापडतो तो पकडला जातो, आणि सहज सापडतो तो पदपथावर राहणारा, वशिला नसलेला माणूस. ज्या कायद्याचा अंमल सर्वांवर होऊच शकत नाही, तो निवडक माणसांवर होतो आणि ती निवड क्वचितच न्याय्य असते.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. अवैध दारूचा सुळसुळाट आणि वाढती गुन्हेगारी, ही त्यामागची कारणे सरकारनेच सांगितली. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, परंतु तो कोठे मिळतो हे गावातील शाळकरी मुलेही सांगू शकतील. बंदीने वस्तू नाहीशी होत नाही. तिचा विक्रेता बदलतो आणि तिची किंमत वाढते.

या वाढीव किमतीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. गांजाचे झाड फारशी निगा न घेताही वाढते, त्याला मोठे भांडवल लागत नाही. तरीही त्याला बाजारात जो भाव येतो, त्यात मालाच्या उत्पादनखर्चाचा वाटा लहान असतो. बाकीची रक्कम ही धोक्याची किंमत असते. पकडले जाण्याचा धोका, माल जप्त होण्याचा धोका, वाटेत द्यावी लागणारी चिरीमिरी, या सर्वांची भरपाई ग्राहक करीत असतो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या सातपुड्यातील दुर्गम भागात चोरून पिकविलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळल्याच्या बातम्या वरचेवर येतात. कोरडवाहू जमिनीतला गरीब शेतकरी हे साहस करतो, ते याच धोक्याच्या किमतीतील एक छोटा हिस्सा मिळावा म्हणून. मोठा हिस्सा मधल्या व्यापाऱ्याकडे जातो आणि तुरुंगवास शेतकऱ्याच्या वाट्याला येतो.

आता कायदा बदलला असे समजा. धोका गेला की धोक्याची किंमतही जाते. जो भाव पाहून शेतकऱ्याला मान्यतेचे आकर्षण वाटते, तो भाव मान्यतेबरोबरच कोसळतो. हा केवळ पाठ्यपुस्तकी सिद्धांत नव्हे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१२ च्या जनमतानंतर जानेवारी २०१४ पासून प्रौढांसाठी गांजाची खुली विक्री सुरू केली. परवान्यांची संख्या व उत्पादन वाढत गेले आणि २०२१ ते २०२३ या काळात तेथील घाऊक भाव निम्म्याहून खाली आला. भाव पडले की लहान उत्पादक प्रथम बाहेर फेकला जातो. बंदिस्त गृहांत कृत्रिम प्रकाशावर पीक घेणाऱ्या भांडवलदार कंपन्यांपुढे सातपुड्यातील दोन एकरवाला किती दिवस टिकेल, याचा विचार शेतकऱ्यांच्या नावाने बोलणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तिजोरीचीही कथा याहून निराळी नाही. कोलोरॅडोला २०२१ मध्ये गांजावरील करांतून सुमारे ४२ कोटी डॉलर मिळाले. आकडा डोळे दिपविणारा आहे, परंतु राज्याच्या एकूण अंदाजपत्रकाच्या तो एक टक्क्याच्या आसपास होता. शिवाय २०२३ पर्यंत तो सुमारे २७ कोटी डॉलरवर घसरला. कर वाढवून ही तूट भरून काढावी म्हटले, तर ग्राहक पुन्हा चोरट्या बाजाराकडे वळतो. कॅलिफोर्नियाने नेमका हाच अनुभव घेतला. तेथे २०१८ मध्ये अधिकृत विक्री सुरू झाली, पण अनधिकृत व्यापार हटला नाही, आणि अखेर जुलै २०२२ मध्ये लागवडीवरील कर रद्द करावा लागला. म्हणजे कर हलका ठेवावा तर उत्पन्न तुटपुंजे, आणि जड करावा तर चोरटा बाजार जिवंत. या दोहोंमधली वाट अरुंद आहे.

मग कायदा बदलण्याचे समर्थन संपते काय? मुळीच नाही. फक्त ते तिजोरीत न शोधता अन्यत्र शोधले पाहिजे. कोलोरॅडोतच २०१२ मध्ये गांजाच्या गुन्ह्यांखाली १३,२२५ जणांना अटक झाली होती. २०१९ मध्ये ही संख्या ४,२९० वर आली. एका वर्षात सुमारे नऊ हजार माणसे अटकेपासून, कोर्टाच्या खेपांपासून आणि नोकरीच्या अर्जावरील कायमच्या डागापासून वाचली, ही कोणत्याही कराच्या रकमेपेक्षा मोठी मिळकत आहे. अल्पवयीनांमध्ये वापराचा भडका उडेल, ही भीतीही तेथील शालेय पाहणीत खरी ठरली नाही. मात्र तेथील काळ्या नागरिकांच्या अटकेचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिकच राहिले. समतेचे सर्वच प्रश्न कायदा बदलल्याने सुटत नाहीत, याची ती खूण होय.

दुसऱ्या बाजूची हानीही झाकून ठेवता कामा नये. आजचा बाजारी गांजा हा कमिशनच्या काळातील गांजा नव्हे. त्याची मादकता कितीतरी वाढविली गेली आहे. कोवळ्या वयातील नित्य सेवनाचा गंभीर मनोविकारांशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने नोंदवला आहे. गांजायुक्त गोळ्या-मिठाया अजाणतेपणी खाऊन इस्पितळात दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या अमेरिका व कॅनडात वाढली. आपल्याकडील २०१९ च्या पाहणीतही सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेच्या व्यसनातून सुटण्यासाठी मदतीची गरज असल्याचे आढळले होते. येथेच खासगी व्यापाराचे खरे संकट आहे. एकूण खपाचा बहुतांश भाग रोज सेवन करणारे थोडे लोक उचलतात. अधूनमधून घेणाऱ्यावर या धंद्याचा नफा उभा राहत नाही. तो व्यसनाधीनावरच उभा राहतो. ज्या व्यापाराचे हित रोग्यांची संख्या वाढण्यात आहे, त्याला जाहिरातीची मोकळीक देणे म्हणजे कुंपणालाच शेत खाण्याची सनद देणे होय. आणि सरकारच त्या महसुलावर विसंबू लागले, तर तेही कुंपणच ठरेल. दारूच्या उत्पन्नावाचून राज्याचा गाडा चालत नाही, असे म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांना हा धोका समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

म्हणून बंदी की मुभा, या दोन टोकांपेक्षा मुभेचे स्वरूप काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये पुरेसे नियम न करताच निर्बंध उठविले. गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घालण्याची पाळी आली. याउलट उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा करून सरकारकडे नोंद झालेल्या प्रौढालाच औषधांच्या दुकानातून, ठरावीक किमतीत, महिन्याला जास्तीत जास्त ४० ग्रॅम गांजा मिळेल अशी सोय केली. जाहिरातीला वाव ठेवला नाही. त्या व्यवस्थेतून तिजोरी भरत नाही, पण ती भरण्यासाठी केलेलीच नव्हती.

भारताने पावले टाकावयाची, तर त्यांचा क्रम काय असावा? स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला तुरुंग नव्हे, तर गरज असल्यास उपचार, ही पहिली पायरी. ती गाठण्यासाठी बाजार उघडण्याची गरज नाही. दुसरी पायरी धागा, बिया व औषधे यांसाठीच्या लागवडीची. तीत लहान शेतकऱ्याला टिकावयाचे असेल तर नौगावच्या सहकाराचा धडा उपयोगी पडेल. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला तो परका वाटू नये. नशेसाठीच्या विक्रीचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही खासगी नफा व जाहिरात दोन्ही वगळून व्हावा. त्यातून जे उत्पन्न येईल ते व्यसनमुक्तीच्या कामालाच कायद्याने बांधून टाकले पाहिजे, म्हणजे इतर खर्चासाठी त्याकडे हात पसरण्याची सवय सरकारला लागणार नाही.

कायदा बदलावा तो अन्याय कमी करण्यासाठी. गांजाच्या झाडाला नोटा लागतील या आशेने जे सरकार कायदा बदलेल, त्याला काही वर्षांत नोटा थोड्या आणि व्यसनी माणसे अधिक, असा हिशेब मांडावा लागेल.