‘ढ’ म्हणून हिणवू नका, पोरगं आतून खचतंय

पाचवी आणि आठवीला नापासाचा शिक्का पुन्हा आला आहे. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायदा बदलला. त्यानुसार आपल्या राज्यात २०२३-२४ पासून या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा होते. फेरपरीक्षेतही मूल नापास झालं तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. याचा मोठा मार बसतो तो काठावरच्या मुलांना.

ही मुलं कोण? सर्वसाधारण बुद्ध्यंक १०० धरतात. तो ७० च्या खाली असला आणि रोजच्या व्यवहारातही अडचण असली, तर बौद्धिक अपंगत्व मानतात. ७० ते ८५ मधली ती काठावरची. हिशेबाने शंभरात तेरा-चौदा भरतात. हे पोरगं मोटर चालू करतं, धारा काढतं, बाजार आणतं. पण अपूर्णांक आणि इंग्रजीला अडतं. मग घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतंय.’ सवलतीला ४० टक्के अपंगत्व लागतं, ते कागदावर भरत नाही. म्हणजे ना गुण, ना दाखला.

रोजची बोलणी आणि वर्गातली चेष्टा खाऊन चौदा-पंधराव्या वर्षी मन मोडतं. अशा मुलांत चिंता व नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही. पोटदुखी, चिडचिड, शाळा बुडवणं, झोप उडणं, जेवण टाकणं यातून ते बाहेर पडतं. आपण त्याला माज समजतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हलक्या रानात भारी रानाचं पीक लावायचं आणि वर रानालाच शिव्या द्यायच्या, हा शहाणपणा नव्हे. मातीपरीक्षण करतो तशी जिल्हा रुग्णालयात मुलाची तपासणी करून घ्या. एका वेळी एकच काम सांगा, करून दाखवा, जमलं की शाबासकी द्या. हाताला एखादा धंदा शिकवा.

सरपंच, ग्रामसेवक व शाळा व्यवस्थापन समितीने निकालाआधीच अशा घरी जाऊन यावं. ‘जगून काय उपयोग’ असं पोरगं बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फोन चोवीस तास, फुकट लागतो. आणि फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं, पोर नाही.