वाट की कुंपण?

‘पंथ’ या शब्दाचा मूळ अर्थ वाट असा आहे. माणसे एकाच दिशेने चालू लागली, की त्यांच्या पावलांखाली गवत दबते आणि वाट पडते. धर्मातील पंथही असेच पडले. प्रथम एखादा थोर भक्त चालला, त्याच्यामागून त्याचे शिष्य चालले आणि पुढे हजारो लोक त्या मार्गाने जाऊ लागले. विष्णूला आणि राम, कृष्ण या त्याच्या अवतारांना भजणाऱ्या वैष्णव संप्रदायात अशा पुष्कळ वाटा आहेत. त्या पाहून एखादा विचारतो, ‘एकाच देवाला भजण्यासाठी इतके पंथ हवेत कशाला?’ हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे पंथ कसे आणि कोणासाठी निर्माण झाले, हे पाहिले पाहिजे.

वैष्णव भक्ती फार प्राचीन आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी कोकण आणि देश यांमधील व्यापार चाले. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याच्या आरंभीच्या नमनात इतर देवांबरोबर संकर्षण आणि वासुदेव, म्हणजेच बलराम आणि श्रीकृष्ण, यांची नावे कोरलेली आहेत. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे एक गरुडस्तंभ उभा आहे. तो याहूनही थोडा जुना. तक्षशिलेहून राजदूत म्हणून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक गृहस्थाने तो वासुदेवासाठी उभारला आणि त्यावर स्वतःला ‘भागवत’, म्हणजे भगवंताचा भक्त, असे म्हणवून घेतले. परक्या कुळात जन्मलेल्या माणसालाही त्या काळी या वाटेने चालता आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे सुमारे सहाव्या ते नवव्या शतकांत तमिळ प्रदेशात बारा आळवार होऊन गेले. त्यांनी देवाची स्तुती संस्कृतात न करता लोकांच्या तमिळ भाषेत गाइली. त्यांत आंडाळ ही स्त्री होती, तसेच पाणर या हीन मानलेल्या जातीतील तिरुप्पाणही होते. या आळवारांची सुमारे चार हजार पदे पुढे नाथमुनींनी एकत्र केली. त्याच परंपरेत अकराव्या शतकात रामानुजाचार्य झाले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. गुरूंनी त्यांना एक मंत्र दिला आणि तो कोणासही न सांगण्याची आज्ञा केली. मंत्राने मोक्ष मिळतो, हे कळताच रामानुज देवळाच्या गोपुरावर चढले आणि जमलेल्या सर्व लोकांना त्यांनी तो मोठ्याने सांगितला. आज्ञाभंगाने आपण नरकात गेलो तरी चालेल, इतके लोक तरतील तर ते पुरे आहे, असे त्यांनी गुरूंना नम्रपणे सांगितले.

रामानुजांप्रमाणे आणखी आचार्य झाले. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी उडुपी येथे श्रीकृष्णाची स्थापना केली. निंबार्कांनी राधाकृष्णाची उपासना शिकवली. वल्लभाचार्यांनी (1479–1531) पुष्टिमार्ग सांगितला. त्यात बालकृष्णाची सेवा घरच्या लाडक्या मुलासारखी करतात. जीव आणि ईश्वर एक आहेत की भिन्न, या गहन प्रश्नावर या आचार्यांची मते निरनिराळी आहेत. वल्लभाचार्यांच्याच काळात बंगालमध्ये चैतन्य महाप्रभूंनी रस्तोरस्ती नामसंकीर्तन घुमवले. मुसलमान घरात जन्मलेले हरिदास त्यांच्या निकटच्या भक्तांपैकी होते. आसामात शंकरदेवांनी नामघरांची परंपरा सुरू केली. ही नामघरे आजही तेथील खेड्यांत दिसतात. महाराष्ट्रात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने आणि ज्ञानदेव-नामदेवांच्या वारकरी संप्रदायाने धर्माचे ज्ञान मराठीत आणले.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वर्ग बाहेर राहिला होता. कोणाला संस्कृत येत नव्हते, कोणाला जातीमुळे दूर ठेवले होते, तर कोणाला स्त्री म्हणून अधिकार नव्हता. अशा लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी नवी वाट पाडावी लागली. म्हणून पंथ अनेक झाले, यात दुःख मानण्याचे कारण नाही. डोंगरावर चढणाऱ्या गावांच्या पाऊलवाटा निरनिराळ्याच असणार.

परंतु वाटेचे कुंपण होण्यास वेळ लागत नाही. रामानुजांच्या अनुयायांत पुढे वडकलै आणि तेंकलै अशा दोन शाखा झाल्या. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तसा भक्तानेही प्रयत्न केला पाहिजे, असे एक शाखा म्हणते. मांजरी आपल्या पिल्लाला तोंडात धरून नेते, तसा देवच भक्ताला नेतो, असे दुसरी म्हणते. किती सुंदर विचारभेद हा! पण एकीचा टिळा नाकाच्या मुळाशी थांबतो आणि दुसरीचा नाकावर उतरतो, एवढ्यावरून आणि देवळातील मानावरून भांडणे झाली. कांचीपुरमचे वाद तर न्यायालयापर्यंत गेले.

महाराष्ट्रालाही या बाबतीत अभिमानाबरोबर खेद वाटला पाहिजे. चोखोबांना संत म्हणून सर्वांनी गौरवले, परंतु त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच आहे. ज्यांच्या अभंगांनी वारकऱ्यांचे डोळे पाणावत, त्यांच्या जातिबांधवांसाठी ते दार पुढे सुमारे सहाशे वर्षे बंद राहिले. शेवटी 1947 सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूर येथे उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. समतेचे अभंग गाणाऱ्यांना दार उघडण्यास इतकी शतके लागावीत, हे विसरण्यासारखे नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘नियम, खुणा आणि शिस्त यांवाचून संप्रदाय टिकेल कसा?’ हे म्हणणे खोटे नाही. नाथमुनींनी आळवारांची पदे गोळा केली नसती, पुढच्या पिढ्यांनी ती नेमाने पाठ केली नसती, तर ती लोपली असती. वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीची माळ आणि वारीचा नेम यांनीच पंढरीची वाट शतकानुशतके मळलेली ठेवली. शेतातून जाणाऱ्या वाटेला बांध असतो; तो वाट सांभाळतो. कुंपण मात्र वाट अडवते. बांध आणि कुंपण यांतील हा भेद प्रत्येक पंथाने सतत तपासून पाहिला पाहिजे.

तेव्हा पंथ किती आहेत, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. एखाद्या पंथाचा टिळा कसा आहे किंवा त्याचा इतिहास किती जुना आहे, यावरूनही त्याची योग्यता ठरत नाही. काल जो बाहेर उभा होता, त्याला आज आत येऊन इतरांच्या शेजारी बसता येते काय, यावरूनच ती ठरते. चोखोबांच्या समाधीजवळून मंदिरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या गावातील देवळाविषयी, पंगतीविषयी आणि पाणवठ्याविषयीही स्वतःला विचारावा.