‘हिला झेपणार नाही, असं लिहून द्या!’

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळच्या गर्दीत एक जोडपे दवाखान्यात आले. नवरा तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये, बायको चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. तिचे वय सेहेचाळीस. आठ तास लाइनवर उभे राहायचे, कंपनीच्या बसने परतायचे आणि मग घरचा स्वयंपाक. तिच्या हातात एक छापील कागद होता. आमच्या भागातील एक गिर्यारोहण संस्था डिसेंबरात फक्त महिलांसाठी लोणावळा ते राजमाची अशी दोन दिवसांची पायी सहल काढणार होती. पूर्वी कधीही डोंगरात न गेलेल्या महिलांसाठी, अनुभवी मार्गदर्शिकांसोबत, आपले सामान आपल्या पाठीवर घेऊन. कागदाच्या तळाशी डॉक्टरांच्या सहीची जागा होती.

बाई काही बोलण्याआधीच नवरा म्हणाला, “डॉक्टरबाई, हिला झेपणार नाही, असं लिहून द्या. तुमचं ऐकेल ती.”

वाचकहो, खरे सांगते, माझा हात पेनाकडे गेला होता. तिचे जुने कागद समोर होते. चार वर्षांत मीच लिहून ठेवले होते: गुडघेदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा, दम लागणे. त्यापुढे माझा सल्ला: आराम करावा, जिने चढू नयेत, जड उचलू नये. आता ही बाई राहते तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही! म्हणजे चार वर्षे मी तिला जो सल्ला देत होते, तो पाळणे तिला एक दिवसही शक्य नव्हते. ती मान डोलवत होती आणि मी पुढच्या पेशंटला बोलावत होते.

मी तिलाच विचारले, “तुम्हाला जायचंय का?”

ती म्हणाली, “मॅडम, लग्नाला चोवीस वर्षं झाली. माहेर आणि देवदर्शन सोडलं तर कुठं गेलेच नाही. तेही पोरांना कडेवर घेऊन.”

मी ‘झेपेल’ असेही लिहिले नाही आणि ‘झेपणार नाही’ असेही नाही. रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन आले ९.२. मी म्हणाले, “आज सही देत नाही. तीन महिने आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, तेव्हा ठरवू.”

दमण्याचे कारण

स्त्रियांचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे लोकलच्या महिलांच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक. अशा बाईला जिना चढताना धाप लागते, पाय जड होतात. घरची माणसे म्हणतात, ‘हिचं आता वय झालं.’ वय झालेले नसते, रक्त कमी असते.

गुडघ्याचेही तसेच. झीज सुरू झाली की चालणे बंद करावे, ही समजूत आम्हा डॉक्टरांनीही पुष्कळ पसरवली. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्यासाठी हालचाल लागते. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. बसून राहिले की हे स्नायू आधी रोडावतात आणि मग गुडघा अधिकच दुखतो. आठ तास एका जागी उभे राहणे म्हणजे व्यायाम, असेही कोणी समजू नये. त्याने पायांवर सूज येते आणि शिरा फुगतात, ताकद वाढत नाही.

बायकांना लांब चालणे झेपेल का, हा प्रश्न निदान आपल्या भागात तरी कोणी विचारू नये. तुकोबांच्या पालखीचा देहूहून निघाल्यावर पहिला मुक्काम आकुर्डीला असतो. साठी-सत्तरीच्या कितीतरी माऊली डोक्यावर तुळस, खांद्याला पिशवी अशा आपल्या दारावरून जातात आणि अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून पंढरपूर गाठतात. आपण त्यांच्या पाया पडतो. मात्र तीच बाई स्वतःच्या हौसेने दोन दिवस डोंगरात जाते म्हणाली, की आपल्याला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागते. एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी २०२२ साली पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची तुकडी घेऊन अरुणाचलपासून कारगिलकडे हिमालयातून वाट काढली. तिकडे ते, तर आपल्याला राजमाची जड का व्हावी?

तीन महिने

बाईंना लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळीत रक्तस्राव जास्त होता, म्हणून सोनोग्राफी करून घेतली, त्यात काही निघाले नाही. गोळीच्या आधी किंवा नंतर तासभर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू घ्यावे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे, एवढे दोनच व्यायाम.

पहिला महिना शिफ्टनंतर अर्धा तास चालणे. दुसऱ्या महिन्यात दर रविवारी निगडीची दुर्गादेवी टेकडी. तिसऱ्या महिन्यात घोरावडेश्वराचा डोंगर, तोही पाठीवर सॅक घेऊन. सॅकमध्ये आधी दोन किलो डाळ-तांदळाच्या पुड्या, मग चार किलो. शेजारच्या दोघी-तिघी तिच्याबरोबर येऊ लागल्या. डिसेंबरात रक्त पुन्हा तपासले तर हिमोग्लोबिन ११.४. मी सही केली. तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण चला की.”

माझे वय चोपन्न. रोज दहा तास खुर्चीत. इतरांना चालायला सांगणारी मी स्वतः शेवटचा डोंगर कॉलेजात असताना चढले होते. मुकाट्याने माझेही नाव दिले.

राजमाचीची वाट

आम्ही एकोणीस जणी होतो, मार्गदर्शिका तिघी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी पंधरा-सोळा किलोमीटर आहे. वाट बहुतेक सपाट आणि रुंद, म्हणूनच पहिल्या मुक्कामी सहलीसाठी चांगली. चाल सर्वांत हळू चालणारीच्या वेगाने. दर तासाला थांबा आणि एक मार्गदर्शिका कायम सर्वांच्या मागे.

उधेवाडीत एका घरी पिठले-भाकरी होती. जेवण होताच आमच्यातल्या साऱ्याजणी ताटे उचलायला उठल्या. सवयच ती! त्या घरची काकू म्हणाली, “बसा गं. पैसे दिलेत ना?” मग हसून म्हणाली, “एवढ्या लांबून नुसतं चालायला आलात व्हय? आमचं तर रोजचंच.” तिचे म्हणणे खरे होते. ती पाण्याला, रानाला रोज चालते आणि तिला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही.

रात्री आठलाच अर्ध्याजणी झोपल्या. एकजण सकाळी म्हणाली, रात्री मध्ये एकदाही न उठता झोपल्याला किती वर्षे झाली ते आठवत नाही. उजाडल्यावर श्रीवर्धनचा बालेकिल्ला चढलो. उतरताना माझेच गुडघे बोलू लागले. चार वर्षे ज्यांना मी ‘जिने चढू नका’ म्हणत होते, त्या बाईंनी आपली काठी माझ्या हातात दिली, “मॅडम, सावकाश. आडवं पाऊल टाका.”

आता या सहलीने तिचे गुडघे बरे झाले का? नाही. दोन दिवसांत कोणाचेच काही बरे होत नाही. काम केले ते त्याआधीच्या तीन महिन्यांनी. पण चार वर्षांत लोहाच्या गोळ्यांचा एकही कोर्स तिने पुरा केला नव्हता. या वेळी एक गोळी चुकवली नाही, कारण डिसेंबरातली एक तारीख तिच्या स्वतःची होती. माझ्या चिठ्ठ्यांना जे जमले नाही, ते त्या तारखेने केले.

जाणाऱ्या भगिनींसाठी

सॅकचे ओझे पहिल्या वेळी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावे. पंचावन्न किलोच्या बाईने पाच-सहा किलोंपुढे जाऊ नये, पाणीही त्यातच धरून. कमरेचा पट्टा आवळावा म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. बूट नवे कोरे घालू नयेत, महिनाभर वापरलेले असावेत. पायाची नखे कापावीत, नाहीतर उतरताना ती बुटात दुखतात.

लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे, ही आपल्या बायकांची जुनी खोड. कारखान्यात लाइन सोडता येत नाही, म्हणून ती आणखी पक्की होते. डोंगरात हे धोक्याचे आहे. उन्हात चक्कर येते, मागून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. घाम फार आला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा असावा.

पाळीची तारीख त्याच दिवशी येते म्हणून ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला पुष्कळजणी येतात. सणावाराला, पूजेला या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात, हेही मला ठाऊक आहे. सहलीसाठी त्या घेऊ नयेत. रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, यकृताचा विकार असेल तर त्या घातक ठरू शकतात. जास्तीचे पॅड, जुने वर्तमानपत्र आणि एक घट्ट बंद होणारी पिशवी बरोबर ठेवावी, वापरलेले परत आणावे. पाळीत चालायला हरकत नाही.

चालताना छातीत दुखणे, ताब्यात नसलेला रक्तदाब, जोराचा दमा, दहाच्या खाली हिमोग्लोबिन, नुकतेच झालेले ऑपरेशन, गरोदरपण: यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग डोंगर. मधुमेही भगिनींनी जेवणाची वेळ चुकवू नये, खिशात साखर ठेवावी आणि मार्गदर्शिकेला आजार सांगून ठेवावा.

पहिली सहल पावसाळ्यात नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. भुशी धरणामागच्या प्रवाहात ३० जून २०२४ रोजी एक कुटुंब वाहून गेले, हे विसरू नये. मागे एका पावसाळी सहलीत साठ बायकांमागे दोनच मार्गदर्शक होते. घसरून घोटा मोडलेली माझी पेशंट तीन तास वाटेतच बसून होती. म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत: किती जणींमागे किती मार्गदर्शक? त्यात बाई आहे का? प्रथमोपचार कोणाला येतो? कोणी पडले तर खाली कसे आणणार? साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी नोंदणी करावी, असे राज्य सरकारचे २०२१ चे धोरण सांगते. तीही विचारावी. उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

आणि घरच्यांसाठी

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. हे प्रमाणपत्र न तपासता देऊ नका आणि न तपासता नाकारूही नका. स्टेथोस्कोप लावा, रक्तदाब बघा, हिमोग्लोबिन करा. कित्येक बायकांची वर्षानुवर्षांतली ही पहिलीच तपासणी असते. ‘नाही’ म्हणायचे असेल तर ‘किती दिवसांनी हो’ तेही सांगा.

घरच्या पुरुषांना इतकेच सांगणे, की काळजी खरी असेल तर ती आधी दाखवा. तिचे रक्त तपासून आणा. रविवारी सकाळी ती टेकडीवर गेली तर चहा तुम्ही करा. आमच्या बाई राजमाचीला गेल्या तेव्हा नवऱ्याने दोन दिवस स्वयंपाक केला. भात करपला, पण कोणी उपाशी राहिले नाही.

परवा ते गृहस्थ स्वतः तपासायला आले होते. रक्तदाब १५०/९६, पोट सुटलेले. “काय करू, डॉक्टरबाई?” मी म्हणाले, “चाला.” त्यावर बाई शेजारून म्हणाल्या, “येऊ द्या त्यांना रविवारी माझ्याबरोबर. हळू चालीन मी.”